घेरियाची आग, पाम्प्लोनाचा बर्फ

तारकर्ली, ता. मालवण
आषाढ

चि. मुक्तास,


तुझा लांबलचक निरोप ऐकला. उत्तर फोनवर नको, लिहूनच पाठव म्हणालीस, म्हणून बसलोय. पावसामुळे किल्ल्याच्या होड्या बंद, घरात पाहुणे नाहीत, वीज असली तर असते. निवृत्त इतिहासमास्तराला पत्र लिहायला याहून चांगला मोसम नाही.

तर तुम्ही सगळी मुलं स्पेनमधल्या कादिसहून त्राफाल्गारच्या दीपगृहाकडे फिरायला गेला होतात. तुझ्या वर्गातल्या त्या मैत्रिणीने वाळूत बसल्या बसल्या सांगितलं की २१ ऑक्टोबर १८०५ रोजी याच पाण्यात आमचं आरमार संपलं. फ्रेंच आणि स्पॅनिश मिळून ३३ लढाऊ जहाजं, समोर नेल्सनची २७, आणि तरी आम्ही हरलो. मग तिने विचारलं, तुमच्या इतिहासातला सगळ्यात खालचा क्षण कुठला? तू बेधडक म्हणालीस, पानिपत. त्यावर तिने विचारलं, ते तुझ्या गावापासून किती लांब, आणि तिथे समुद्र आहे का?

मी खूप हसलो. पण गो बाय, प्रश्न तिने बरोबर विचारला. तू किल्ल्यासमोर वाढलेली पोर. अंगणात उभं राहिलं की कर्ली नदीची खाडी, पलीकडे देवबागचा संगम, किनाऱ्याने उत्तरेला गेलं की सिंधुदुर्ग. पराभवाचं नाव काढलं की तुझ्या तोंडात हरियाणातलं मैदान येतं, यात तुझा दोष नाही. आपण तुम्हाला तेच शिकवलं. मीही वर्गात १४ जानेवारी १७६१ फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत असे आणि मुलं हळहळत. शेजारच्या विजयदुर्गाची तारीख मात्र धड्यात एका ओळीत उरकायची, कारण तास संपत आलेला असायचा.

किल्ल्यावर होडीतून नेतात तेव्हा काय सांगतात, ते तुला तोंडपाठ आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर पायाभरणी, मोरयाच्या धोंड्यावर पूजा, पायात ओतलेलं शिसं, तटबंदीत लपलेला तो दरवाजा जो पार जवळ जाईपर्यंत दिसत नाही, खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याच्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर. सगळं खरं आणि सगळं अभिमानाचं. पण ही गोष्ट १६९५ च्या आसपास संपते आणि एकदम आजच्या पार्किंगवर येते. मधल्या काळात हा किल्ला इंग्रजांनी घेतला होता, त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं होतं, हे पाहुण्यांना कोणी सांगत नाही. मी एकदोनदा आमच्याकडे उतरलेल्यांना सांगून पाहिलं. एक पुणेकर गृहस्थ जेवता जेवता थांबले आणि म्हणाले, “मास्तर, सुट्टीवर आलोय हो.” त्यानंतर मी फक्त सोलकढी वाढतो.

मालवणच्या जेट्टीवर आज कुणाला विचारलंस की इथला वाईट दिवस कुठला, तर तो २६ ऑगस्ट २०२४ म्हणेल. राजकोटावरचा महाराजांचा पुतळा कोसळला तो दिवस. २०२३ च्या ४ डिसेंबरला, नौदल दिनी, त्याचं अनावरण झालं होतं. त्याच संध्याकाळी आपल्या तारकर्लीच्या वाळूत बसून पंतप्रधानांनी युद्धनौकांची प्रात्यक्षिकं पाहिली, आणि तू आईच्या फोनवरून ती पाहिलीस. नऊ महिनेही झाले नाहीत तोवर पुतळा खाली आला. सगळा महाराष्ट्र आठवडाभर मालवणात होता. आता तिथे नवा, मोठा पुतळा उभा आहे आणि आठवडाभर आलेले लोक परत गेले आहेत. त्या दिवशी वाईट मलाही वाटलं. पण या किनाऱ्याने पाहिलेला सगळ्यात वाईट दिवस तो नाही.

तो दिवस १२ फेब्रुवारी १७५६. ठिकाण विजयदुर्ग, ज्याला इंग्रज घेरिया म्हणत.

थोडं मागे जातो. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले तोवर या किनाऱ्यावर त्यांचा वचक असा होता की त्यांचा परवाना घेतल्याशिवाय जहाज पुढे जात नसे. विजयदुर्गावर १७२० साली इंग्रज चालून आले, १७२४ साली डच आले, दोघेही हात हलवत परत गेले. कान्होजींच्या मागे मुलांत तंटे लागले. मानाजी कुलाब्याला, संभाजी दक्षिणेकडे, आणि पेशव्यांनी मध्यस्थी करताना दोघांना दोन वेगळे किताब देऊन घर वाटून टाकलं. एक आरमार होतं त्याची दोन झाली. संभाजीनंतर विजयदुर्ग तुळाजीकडे आला.

तुळाजी साधुसंत नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तू त्याला नायक करशील. पेशव्यांचा अधिकार तो मानीत नसे. शेजारच्या सावंतांशी त्याचं वैर, विशाळगड आणि बावड्याच्या मुलखाला त्याचा उपद्रव, आणि माणूस हट्टी. पण दर्यावर्दी होता. १७४९ साली त्याने इंग्रजांचं ‘रिस्टोरेशन’ नावाचं मोठं जहाज पकडलं, ज्या जहाजावर कंपनीची मोठी भिस्त होती. ते त्याच्या गोदीत आलं आणि त्याच्याच आरमारात लागलं. वाघोटण खाडीत, गिर्ये गावाजवळ, आंगऱ्यांची ती गोदी अजून आहे. खडक खोदून केलेली, तोंडाशी आता गाळाने भरलेली. भरतीचं पाणी आत घ्यायचं, जहाज आत आणायचं, ओहोटीला ते कोरडं पडलं की तळ दुरुस्त करायचा. तुझ्या शिक्षकांना हे सांग, त्यांना आवडेल.

नानासाहेब पेशव्यांना तुळाजीला वठणीवर आणायचं होतं. जमिनीवरच्या फौजा त्यांच्याकडे होत्या, पण पाण्यातल्या किल्ल्याला जमिनीवरची फौज काय करणार? गलबतं लागतात, मोठ्या तोफांची जहाजं लागतात. ती मुंबईत होती, इंग्रजांकडे. ती त्यांनी मागितली. १७५५ च्या मार्चमध्ये पेशव्यांचे सुभेदार रामाजी महादेव यांनी मुंबईकरांशी करार केला, आणि एप्रिलमध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग पाडला. पुढच्या जानेवारीत अंजनवेल, गोवळकोट असे किल्ले पेशव्यांच्या फौजेने घेतले. उरला विजयदुर्ग.

त्याच वेळी मुंबईत अ‍ॅडमिरल वॉटसनचा राजेशाही काफिला आणि कर्नल क्लाइव्ह, तोच क्लाइव्ह, येऊन थांबले होते. त्यांनी निघण्याआधी मुंबईतच बैठक घेऊन लुटीची वाटणी ठरवली. नौसेनापतीला किती, कर्नलला किती, कप्तानांना किती. त्या यादीत पेशव्यांचं नाव नव्हतं. ज्याच्या विनंतीवरून मोहीम निघाली, त्यालाच वाटा नाही! हे मी वर्गात सांगितलं असतं तर एखाद्या पोराने उठून विचारलं असतं की मग मराठ्यांना हे कळलं नाही का. शंका आली असणार. म्हणूनच पेशव्यांच्या सरदारांनी तुळाजीशी बोलणी सुरू केली, आणि तुळाजी किल्ला मेहुण्याच्या स्वाधीन करून मराठ्यांच्या छावणीत आला. किल्ला वाटाघाटीने मराठ्यांकडे जाणार, असं दिसताच वॉटसनने वाट पाहिली नाही.

दुपारी जहाजं दोन रांगांत खाडीच्या तोंडाशी आली आणि तोफा सुरू झाल्या. तुळाजीचं आरमार तटाच्या आडोशाला होतं. तीन डोलकाठ्यांच्या गुराबा, दोन डोलकाठ्यांच्या गुराबा, गलबतं, सगळी एकमेकांना दोरखंडाने घट्ट बांधलेली. किल्ल्याच्या तोफांच्या छायेत ती सुरक्षित राहतील असा हिशोब. एक गोळा येऊन पडला तो ‘रिस्टोरेशन’वर. तिने पेट घेतला. दोर बांधलेले, वारा समुद्राचा, लाकूड सागवानी, त्याला तेल आणि डांबर पाजलेलं. तिच्यावरून आग शेजारच्या गुराबेवर गेली, तिथून पुढच्या. घटकाभरात सगळा काफिला पेटला. किनाऱ्यावर एक मोठं जहाज बांधून होत आलं होतं, चाळीस तोफांचं, तेही गेलं. कान्होजींनी उभं केलेलं आणि मुलांनी भांडत भांडत सांभाळलेलं आरमार एका दुपारी संपलं. पकडून आणलेल्या इंग्रजी जहाजानेच ते पेटवलं, ही गोष्ट कुणी कादंबरीत लिहिली असती तर मी तिला ओढूनताणून आणलेली म्हटलं असतं.

रात्री क्लाइव्हने सैनिक उतरवले. कुठे, ते बघ: किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मधोमध. तुळाजी सुटू नये म्हणून नव्हे, तर मराठ्यांना आधी आत शिरता येऊ नये म्हणून. १३ तारखेला संध्याकाळी किल्ला पडला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट सापडली, ती ठरल्याप्रमाणे वाटली गेली. पेशव्यांचे लोक दारात उभे. तुळाजीने उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत काढलं. इंग्रजांनी विजयदुर्ग लगेच परत दिला नाही. ऑक्टोबरात पुण्याला नवा तह झाला, त्यात किल्ला पेशव्यांना मिळाला आणि सावित्रीच्या मुखावरचं बाणकोट इंग्रजांकडे राहिलं. आपलाच किल्ला परत घ्यायला आपलंच बंदर द्यायचं! वॉटसन आणि क्लाइव्ह पुढे मद्रासला गेले, तिथून त्याच वर्षी बंगालकडे, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये प्लासी झाली.

आपल्याकडे सामायिक जमिनीत भाऊबंदांचा बांधावरून वाद होतो, तेव्हा शहाणी माणसं म्हणतात, कोर्टात जा, मारामारी करा, पण बाहेरच्याला मोजणीला बोलावू नका. तो मोजून झाल्यावर जात नाही. नानासाहेबांना कोणी तरी हे सांगायला हवं होतं. बहुधा सांगितलंही असेल. राजकारणात असा सल्ला कोणी ऐकत नाही, कारण त्या दिवसाचा शत्रू डोळ्यासमोर असतो आणि पुढच्या दहा वर्षांचा नसतो.

दहा वर्षंही लागली नाहीत. आंगऱ्यांचं आरमार गेल्यावर किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारे उरले मालवणचे आणि रेडीचे. आपला सिंधुदुर्ग तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता, राज्यकारभार जिजाबाई राणीसाहेबांच्या हाती. १७६५ साली मुंबईहून मेजर गॉर्डन आणि कॅप्टन वॉटसन (हा दुसरा वॉटसन, पहिला कलकत्त्यात वारला होता) आले आणि त्यांनी रेडीही घेतली, सिंधुदुर्गही घेतला. मग फोर्ट ऑगस्टस. इथे एक गंमत आहे, आणि ती मला फार आवडते. किल्ला ठेवणं कंपनीला परवडेना, आणि पाडावा म्हटलं तर तट पाडणं फार कठीण निघालं. शेवटी त्यांनी पैसे घेऊन आणि व्यापाराला त्रास देणार नाही असं वचन घेऊन तो कोल्हापूरला परत केला. शिशाच्या पायाची गोष्ट सांगताना गाईडने ही पण सांगावी, एवढंच माझं म्हणणं. पुढे १८१२ साली कोल्हापूरकडून मालवण आणि किल्ला कायमचा इंग्रजांकडे गेला. त्याच वर्षी सावंतवाडीने वेंगुर्ला दिलं. मालवण कोणी मोठ्या लढाईत जिंकलं नाही. ते कागदावर गेलं.

आता तुझ्या स्पेनकडे येतो. तुझ्या मैत्रिणीने त्राफाल्गार सांगितलं ते ठीक, पण मला तिच्याशी वाद घालायचा आहे. हरलेली लढाई हा खालचा क्षण नव्हे. १५८८ साली सुमारे १३० जहाजांचं आरमार इंग्लंडवर गेलं, त्याचा सेनापती मेदिना सिदोनियाचा उमराव, ज्याने राजाला आधीच लिहून कळवलं होतं की मला समुद्र लागतो, मला नेमू नका. राजाने नेमलंच. वादळांत आणि आयर्लंडच्या खडकांवर कितीतरी जहाजं गेली. हा राजा, फिलिप दुसरा, १५८० पासून पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे आपल्या शेजारच्या गोव्याचाही. १६४० पर्यंत गोव्यात माद्रिदचं राज्य होतं, हे आपल्याला फारसं आठवत नाही. पण स्पेन १५८८ मध्ये बुडाला नाही. त्यानंतरही अमेरिकेतून चांदी येत राहिली. पराभव झाला, नाक कापलं गेलं, घर मात्र उभं होतं.

मला विचारशील तर स्पेनचा विजयदुर्ग त्राफाल्गारनंतर दोन वर्षांनी झाला, आणि तो समुद्रावर नव्हे, एका करारावर झाला. २७ ऑक्टोबर १८०७, फोंतेनब्लो. राजा कार्लोस चौथा, त्याचा लाडका मंत्री गोदोय, आणि समोर नेपोलियन. शेजारच्या पोर्तुगालवर चढाई करायची, त्यासाठी फ्रेंच फौजांना स्पेनमधून वाट द्यायची, मग पोर्तुगालचे तुकडे करून वाटून घ्यायचे. एक तुकडा खुद्द गोदोयला. पेशव्यांनी गलबतं मागितली, गोदोयने रस्ता दिला. फ्रेंच फौजा आल्या, लिस्बनला गेल्या, आणि त्यांच्यामागून आणखी आल्या, ज्यांचं पोर्तुगालमध्ये काही काम नव्हतं.

पाम्प्लोनाची गोष्ट तुझ्या मैत्रिणीला माहीत असेल, नसली तर सांग. १६ फेब्रुवारी १८०८, गावात बर्फ पडलेला. फ्रेंच मित्र म्हणून आलेले, गावात उतरलेले, पण बालेकिल्ला स्पॅनिश शिपायांकडे. रोज ठरावीक वेळी काही फ्रेंच सैनिक आपला पावाचा शिधा घ्यायला किल्ल्याच्या दाराशी येत. त्या दिवशी ते आले आणि एकमेकांवर बर्फाचे गोळे मारायला लागले. पहारेकरी दारात येऊन हसत बघत राहिले. खेळता खेळता काही जण पुलावर चढले आणि पूल उचलता येणार नाही असे तिथेच उभे राहिले. समोरच्या घरातून लपवलेले सैनिक धावत आले. गोळी न झाडता किल्ला गेला. आपल्याकडे दहा लाखांची लूट झाली, त्यांच्याकडे बर्फाचा खेळ झाला. दोन्हीकडे दार आतून उघडं होतं.

पुढचं तुला माहीत आहे. २ मे रोजी माद्रिद पेटलं, बायोनला बाप-लेक दोघांनी गादी सोडली, नेपोलियनचा भाऊ जोसेफ स्पेनचा राजा झाला. सहा वर्षं लोक लढले. आणि मदतीला आले कोण? इंग्रज. त्यांचा सेनापती आर्थर वेलस्ली.

हा माणूस आपल्या ओळखीचा. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला बाजीराव दुसऱ्याने होळकरांच्या भीतीने इंग्रजांशी तह केला. नानासाहेबांच्या पुतण्याने काकाचाच कित्ता गिरवला, फक्त या वेळी किल्ला नव्हता, सगळं राज्य होतं. त्या तहाच्या जोरावर मे १८०३ मध्ये बाजीरावाला पुण्याच्या गादीवर परत बसवायला आलेला अधिकारी म्हणजे हाच वेलस्ली. ऑगस्टात त्याने अहमदनगर घेतलं, २३ सप्टेंबरला जालन्याजवळ असईला शिंद्यांचा पराभव केला. तोच पुढे स्पेनमध्ये मित्र म्हणून गेला. एप्रिल १८१२ मध्ये त्याच्या सैन्याने फ्रेंचांकडून बादाहोस सोडवलं आणि सोडवल्यावर ते गाव स्वतःच दिवसचे दिवस लुटलं. मित्राचं गाव! बाहेरच्याला बोलावलं की तो कुठल्या बाजूने आला यावरून फार फरक पडत नाही.

तुझ्या कादिसचं मात्र मी वेगळं मानतो. फ्रेंचांच्या वेढ्यात, इंग्रजी जहाजांच्या आधाराने का होईना, तिथे स्पेनचे प्रतिनिधी जमले आणि १९ मार्च १८१२ रोजी त्यांनी राज्यघटना केली. आपलं मालवण कागदावर गेलं ते साल हेच. एका कागदाने बंदर गेलं, एका कागदाने नागरिक झाले. राजा फर्नांडो १८१४ साली परत आला आणि त्याने ती घटना रद्द केली, हा भाग वेगळा.

मनिलाचं एक सांगून ठेवतो, तुला उपयोगी पडेल. १७६२ साली स्पेनकडून मनिला घेणारा इंग्रजी काफिला मद्रासहून निघाला होता, हिंदी शिपाई घेऊन. त्यातले काही परत आलेच नाहीत, मनिलाजवळ काइन्ता गावात राहिले, आणि त्यांचे वंशज तिथे आहेत. १३६ वर्षांनी अमेरिकनांनी, १ मे १८९८ रोजी, त्याच खाडीत स्पॅनिश जहाजं बुडवली. जुलैमध्ये क्यूबाच्या सांतियागोला दुसरा काफिला गेला. डिसेंबरात पॅरिसला तह होऊन क्यूबा, पोर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्स सगळं हातचं गेलं. त्यानंतर स्पेनमध्ये, काही बिघडलं तर लोक म्हणतात म्हणे, क्यूबात याहून जास्त गेलं होतं. मला ही माणसं आवडतात. आपणही कुठे काही कोसळलं की पानिपत झालं म्हणतो. पण घेरिया झाली असं कोणी म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही.

का, ते तुला कळलं असेल. पानिपतात शत्रू परका होता, हौतात्म्य होतं, विश्वासराव होते, रडता येतं. विजयदुर्गावर रडायचं तर कुणासाठी? तुळाजीसाठी रडलं तर पेशव्यांवर बोट, पेशव्यांची बाजू घेतली तर आंगऱ्यांवर. मग गप्प बसणं सोयीचं. तू म्हणतेस की स्पेनचे लोक आपले पराभव मोकळेपणी मोजतात. त्राफाल्गार आणि क्यूबा मोजतात, हो. पण १९३६ ते १९३९ ची यादवी विचार. तिथे परकं कोण होतं? गावातलेच. फ्रँकोच्या बाजूने बोलावलेल्या जर्मन विमानांनी २६ एप्रिल १९३७ ला गेर्निका जाळलं, स्पेनचंच गाव. १९७७ साली माफीचा कायदा करून सगळ्यांनी तो विषय पेटीत घालून ठेवला. फ्रँकोचे अवशेष त्याच्या भव्य स्मारकातून हलवायला २०१९ साल उजाडलं, आणि सामूहिक कबरी अजून उकरल्या जात आहेत. म्हणजे तेही आपल्यासारखेच. परक्याने मारलेलं सांगतात, घरातलं दाबून ठेवतात.

त्या यादवीत एक आपला माणूस होता. तुला हे ठाऊक नसणार. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार, लोक बाळाजी म्हणत. डॉ. हेडगेवारांच्या संघाचे पहिले सरकार्यवाह. १९३१ च्या बालाघाट प्रकरणात तुरुंग भोगून मग पत्रकारिता शिकायला लंडनला गेले, आणि तिथून, सगळं सोडून, स्पेनला फ्रँकोविरुद्ध लढायला आंतरराष्ट्रीय ब्रिगेडमध्ये भरती झाले. नाव लावलं जॉन स्मिथ. त्यांची ब्रिटिश तुकडी मुंबईत जन्मलेल्या शापुरजी सकलातवालांच्या नावाने ओळखली जाई. एप्रिल १९३८ मध्ये गांदेसाजवळ पकडले गेले, बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या मठातल्या छावणीत ठेवले गेले, सुटले आणि देशात परतून पुढे कम्युनिस्ट झाले. आमच्या शाखेवाल्यांनाही ते नीट आठवत नाहीत आणि लाल झेंड्यावाल्यांनाही नाहीत. कुठल्याच बाजूच्या भिंतीवर त्यांची तसबीर लागत नाही.

तेव्हा मला दोन कामं करून हवीत. उत्तरेकडे सुट्टीला जाशील तेव्हा बुर्गोसला उतरून त्या मठाचा फोटो पाठव. मराठी नाव शोधत बसू नकोस, तिथे ते जॉन स्मिथ होते. आणि दुसरं, तुझ्या मैत्रिणीला विचार की तिच्या आजीच्या घरात १९३६ बद्दल काय बोलत. बोलत असले तर.

डिसेंबरात येणार असशील तर तिलाही घेऊन ये. किल्ल्याच्या होड्या तोवर सुरू झालेल्या असतात. पण आधी आपण विजयदुर्गाला जाऊ, देवगडमार्गे, गिर्येची गोदी बघायला. चढाव नाही फारसा, चिखल आहे, जुने बूट आण. १७८३ साली त्याच विजयदुर्गाच्या आनंदराव धुळपांनी इंग्रजांचं ‘रेंजर’ पकडलं, ती कथा मी मुद्दाम या पत्रात घातली नाही. ती तिथे ऐक. सगळंच एका पत्रात सांगून टाकलं तर तू यायची कशाला?

आईला फोन कर गो. ती रोज मला विचारते आणि मी खोटं सांगून थकलो. आमसुलं संपली असतील तर कळव, एक ओळखीचा मुलगा लिस्बनला निघालाय, त्याच्याकडे देतो. आजी म्हणते, ‘चेडू जेवता मां नीट?’ तिला नीट उत्तर दे.

तुझा मामा